माहेरघराचं पुढचं दार

प्रतिष्ठानचे लोक पुण्याहून पाहणीला येणार होते, त्या सकाळी आमच्या माहेरघरात पाच-सहा पोटुश्या बाया मागच्या दारानं आत आल्या. मोरीच्या कडेनं, चुलीला वळसा घालून, फळीवरच्या डब्यांना पदर अडकवत आल्या आणि स्वयंपाकघरातच फतकल मारून बसल्या. पुढं हॉलमध्ये पलंग मांडलेले, त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, डोक्यावर पंखे, खिडक्यांना डासांच्या जाळ्या. पण तिकडं जायला एक तयार होईल तर शपथ.

हेमंत कोल्हटकर रडकुंडीला आला होता. हा प्रतिष्ठानचा आमच्या भागातला माणूस. पोरगा गुणी, पण साहेब लोक येणार म्हटलं की त्याची धांदल उडायची. तो सारखा मला म्हणत होता की सिस्टर, काहीही करा, पण यांना पलंगावर बसवा. मी म्हटलं, "हेमंतभाऊ, तुम्ही बसवून दाखवा. बसल्या तर मी तुमच्या नावानं गावजेवण घालते."

हसू नका. दिवस हसण्यासारखा नव्हताच. त्या बायांमध्ये माझ्या धाकट्या भावाची, लहानूची बायको चांगुणा होती, आणि मागच्या दाराबाहेर, धुण्याच्या दगडावर, माझी आई ठकूबाई मिश्री लावत बसली होती. चांगुणाचं हे तिसरं. पहिलं बाळ उंबरवाडीतच, घरात गेलं. दुसरं गेलं डोलीत, घाटाच्या पायथ्याशी, चार माणसं तिला खांद्यावर घेऊन धावत असताना. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की शेवटचा महिना हिला दवाखान्याजवळच ठेवा, नाहीतर या वेळी बाईही हाती लागायची नाही. आणि दवाखान्याला लागून, एकाच कुंपणात, आमचं माहेरघर. त्यासाठीच तर ते बांधलं होतं. डोंगरातल्या बायांनी दिवस भरत आले की इथं येऊन राहायचं, खायचं-प्यायचं, कळा सुरू झाल्या की पलीकडं दवाखान्यात. सगळं फुकट. आणि घर बांधल्यापासून तिथं एकही बाई मुक्कामाला राहिली नव्हती.

आता ते प्रतिष्ठान कसलं, ते सांगते. पुण्याला बेलसरे नावाचे कारखानदार होते. त्यांच्या नफ्यातला एक वाटा दर वर्षी 'वृंदा स्मृती प्रतिष्ठान'कडे जायचा आणि तिथून आमच्या डोंगरातल्या तीन तालुक्यांत. फीत कापून, फोटो काढून निघून जाणारे हे लोक नव्हते. बाजाराच्या दिवशी गावोगाव औषधं घेऊन फिरणारी जीप त्यांची. मोतीबिंदूची शिबिरं त्यांची. सुइणींना शिकवायला बाई ठेवल्या त्याही त्यांनीच, आणि माझा पगारही तेच देत. दर तीन वर्षांनी विश्वस्त स्वतः यायचे. जे चालतंय ते पुढं चालू, जे चालत नाही ते बंद, आणि तो पैसा जिथं गरज असेल तिथं. या खेपेला माहेरघराची पाळी होती हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर हेमंतनं त्या बायांना एका दिवसापुरतं गोड जेवणाचं आमंत्रण देऊन आणलेलं. पलंग भरलेले दिसावेत, एवढीच त्याची इच्छा.

बाया का येत नाहीत, हे अहवालांत तो दर वेळी लिहायचा. रस्ते नाहीत, बाया ऊसतोडीला जातात, जनजागृती कमी पडते. सगळं खोटं. खरं कारण पुढच्या दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

तो वृंदाचा फोटो. बेलसरे साहेबांची एकुलती एक लेक. तिचा नवरा आमच्याकडच्या धरणावर इंजिनियर होता. पहिलं बाळंतपण, पुण्याला माहेरी निघाली, आणि आमच्याच घाटात पुढं ट्रक आडवा होऊन वाट अडली. गाडीतच कळा सुरू झाल्या. पोरही गेलं, तीही गेली. तालुक्यात ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. फोटो तिच्या डोहाळजेवणाचा होता. हिरवं लुगडं, दंडात, गळ्यात, केसांत फुलांचे दागिने, दिवस भरत आलेले, उभी राहून हसतेय. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीचा फोटो. त्याला चंदनाचा हार, खाली तांबडा दिवा. दारावर पाटी, 'कै. वृंदा स्मृती माहेरघर'. उंबरा ओलांडला की पहिली नजर तिच्यावरच पडायची.

आमच्याकडं बाळंतपणात गेलेल्या बाईला अलवंतीण म्हणतात. ती म्हणे दोन जिवांच्या बाईला धरते. मी नर्स. मला भूतबित पटत नाही. पण मीही डोंगरातलीच, आणि कुठली सासू आपल्या अवघडलेल्या सुनेला त्या हाराखाली निजवेल, हे मला न शिकताही कळत होतं. हेमंतला मी कितीदा सांगितलं की फोटो आतल्या खोलीत घेऊ. तो कानाला हात लावायचा. साहेबांनी तो स्वतःच्या हातानं टांगलाय, तो काढा म्हणून कोण सांगणार? मी तरी कुठून सांगणार होते. ज्या माणसानं आपल्या लेकीच्या नावानं आमच्यासाठी एवढं केलं, त्याला म्हणायचं की तुमच्या लेकीला आम्ही भितो?

चुलीवर शिरा परतताना चांगुणा माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "वन्सं, मला या खेपेला घरी नाही बाळंत व्हायचं. मला जगायचंय. पण त्या दाराशी गेलं की पाय उचलत नाही, त्याला मी काय करू?"

मी तिच्या पाठीवर हात फिरवला. दुसरं काय करणार?

पाहुणे आले. बेलसरे साहेब आणि त्यांच्याबरोबर सबनीसबाई म्हणून दुसऱ्या विश्वस्त. बाई हिशेबतपासनीस, चष्म्याआडून माणसाला आरपार बघणारी. हेमंत त्यांना हॉल दाखवत होता, बाया आत्ताच जेवायला गेल्यात म्हणून सांगत होता. बाईंनी एका पलंगावरची चादर उचलली. दुकानातून आली तेव्हाच्या घड्या तशाच होत्या. मग गादीखाली हात घातला, तर गादीला अजून प्लॅस्टिक. त्यांनी हेमंतकडं बघितलं. त्या बिचाऱ्याच्या कपाळाला घाम आला.

या गडबडीत बेलसरे साहेब कुठं गेले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि खिडकीतून बघते तर साहेब मागच्या अंगणात, माझ्या आईच्या शेजारी दगडावर बसलेले. साधा बुशशर्ट, पायांत धुळीच्या चपला, हातात काठी. आईला वाटलं असणार की गाडीबरोबर आलेला कोणी कारकून आहे.

ते तिला विचारत होते, "मावशी, तुम्ही आत का नाही बसलात?"

"आत ती उभी हाय ना," आई बोटानं दात घाशीत म्हणाली.

"कोण?"

"तुमच्या सायबाची लेक."

माझ्या हातातला तांब्या तिथंच राहिला. मी दाराकडं धावले. साहेबांनी मला पाहिलं आणि हातानंच थांबवलं. आईची माझ्याकडं पाठ होती.

"तुम्हाला तिची भीती वाटते?"

"भ्या तर वाटतंच." आईनं चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "पन भ्याच्या परीस कीव येती. भरल्या दिसांची पोर. अंगावर फुलं, आन वर मेलेल्या मानसाचा हार. इतकी वर्सं झाली, पोटातलं वझं घेऊन उभीच हाय. कुनी तिला बस म्हनत नाही, कुनी न्यायला येत नाही. माझी लेक असती तर मला घास गेला नसता."

आईला गप्प बसायची सवय नाही, ती पुढं सुरूच. सायेब देवमाणूस आहे, त्याच्या जीपनं माझ्या म्हाताऱ्याला छातीच्या दुखण्यातून ओढून आणला, त्याचं देणं लागतो आम्ही. पण एवढ्या शहाण्या माणसाला एवढी साधी गोष्ट कशी कळू नये? माहेर म्हणायचं आणि मुराळी धाडायचा नाही?

"मुराळी म्हणजे?" साहेबांनी विचारलं. खरंच ठाऊक नव्हतं की विसरले होते, कोण जाणे.

"म्हंजे न्यायला येनारा. बाप, भाऊ, चुलता, कुनीतरी. खण-नारळ घेऊन यावं, सासूला इचारावं, दोन घास खावे, मग लेकीला घेऊन जावं. तुमची जीप येती, भोंगा वाजवती, आन म्हनती चला गरोदर बायांनो. बाजाराला गुरं भरायचीत का? न बोलावता माहेरी कोन जातं? मानानं न्यायला कुनी आलं, तर माझी सून मी उद्या धाडीन."

"आणि आत ती उभी आहे ती?"

"तिला बी कुनीतरी न्यायला पाहिजे," ती म्हणाली. "तिच्या बापानं."

नेमका तेवढ्यात हेमंत कोपऱ्यावरून धावत आला. "साहेब, तुम्ही इकडे? बेलसरे साहेब, आम्ही सगळीकडे शोधतोय."

आईनं त्याच्याकडं बघितलं, मग शेजारच्या माणसाकडं, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं पदर पुढं ओढला आणि दगडावरून उठायला लागली. साहेबांनी तिला उठू दिलं नाही. तिला हात जोडले, काठी टेकत उठले आणि सरळ गाडीत जाऊन बसले. शिऱ्याची बशी तशीच राहिली. सबनीसबाई जाता जाता मला एवढंच म्हणाल्या की इमारत दवाखान्याला देऊन टाकावी असं मी सुचवणार आहे, डायलिसिसच्या यंत्रासाठी दुसऱ्या तालुक्यातून मागणी आहे, पैसा तिकडे तरी उपयोगी पडेल. त्यांचंही चूक नव्हतं. रिकाम्या पलंगांना कोण किती दिवस पोसणार?

गाडी गेल्यावर मी आईवर जे तोंड सोडलं, ते आता आठवलं तरी हसू येतं. तेव्हा मात्र रडू येत होतं. मी म्हटलं, बाई, तुझ्या जिभेला काही हाड? बापासमोर त्याच्या मेलेल्या लेकीचं असं बोलतात? गेलं आता माहेरघर, आणि चांगुणाचं काय ते तूच बघ. आई एरवी माझं एक ऐकून घेत नाही, त्या दिवशी मान खाली घालून बसली. मग म्हणाली, "बोलायला नको व्हतं मी. पन खोटं बोलले का?" आणि चांगुणाला घेऊन डोंगर चढायला लागली.

पुढचे काही दिवस मी दवाखान्यातल्या बायांकडे चांगुणासाठी कुठं ओसरीत तरी जागा मिळेल का, म्हणून विनवण्या करत होते. दवाखान्यात बाळंतिणींनाच खाटा पुरत नव्हत्या.

आठवडा उलटला असेल. भातं झोडून झाली होती, सकाळची थंडी होती. प्रतिष्ठानची जीप माहेरघरापुढं थांबली आणि तीतून बेलसरे साहेब एकटेच उतरले. हातात कापडी पिशवी.

"सिस्टर, उंबरवाडीला कुठली वाट जाते?"

मी चाचरत म्हटलं, साहेब, जीप ओढ्यापर्यंतच जाते, पुढं चढ आहे, तुम्हाला झेपायचा नाही. ते म्हणाले, "झेपेल तितका झेपेल. तुम्ही चला बरोबर."

तो चढ आम्ही दोघं कसे चढलो, ते आमचं आम्हाला माहीत. दर वळणावर साहेब धोंड्यावर टेकायचे. वय सत्तरीचं, छाती भात्यासारखी हलत होती. मी पाणी द्यायची, नाडी बघायची, परत फिरू या म्हणायची. ते ऐकत नव्हते. एका वळणावर खाली घाटाचा रस्ता दिसत होता. तिकडं बघतच त्यांनी सांगितलं.

"वृंदानं मला धरणावरून फोन केला होता. म्हणाली, बाबा, तुम्हीच या न्यायला. कारखान्यात त्या दिवशी नवं यंत्र उतरायचं होतं, जर्मनीहून माणसं आली होती. मी म्हटलं, गाडी पाठवतो की, नवी कोरी गाडी आहे." त्यांनी काठीनं खालचा रस्ता दाखवला. "गाडी पाठवली मी. जीपच पाठवली म्हणा ना. मी गेलो नाही."

मी म्हटलं, साहेब, तुम्ही असतात तरी तो ट्रक आडवा झालाच असता.

"झाला असता. पण तिच्याजवळ मी असतो." मग काठी टेकून उठत म्हणाले, "त्या डोहाळजेवणानंतर तिचा दुसरा फोटोच नाही, म्हणून तो लावला. तुमच्या आईनं सांगेपर्यंत मला तो हार नि ते पोट एकत्र दिसलंच नव्हतं."

उंबरवाडीत आम्ही पोचलो तेव्हा आई अंगणात भात पाखडत होती. साहेबांना बघून सूप हातातून पडायचंच राहिलं. पण बाई ती बाई. लगेच सावरली. पाय धुवायला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, घोंगडी अंथरली. लहानू नुसता उभा, कोण कशाला आलंय त्याला पत्ता नाही. साहेबांनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी चांगुणासाठी दिलेलं हिरवं लुगडं काढलं. सगळं मांडीवर घेऊन बसले आणि शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसं आईला म्हणाले, "मी चांगुणाला न्यायला आलोय. धाडता का?"

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण रीत म्हणजे रीत. तिनं आधी त्यांना जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, वर तूप. पथ्याचं माणूस, पण बिनबोभाट जेवले. मग आईनं चांगुणाची ओटी भरली, लहानूला सांगितलं की डोली बांध, आणि स्वतःही पदर खोचून निघाली. तिनं नव्या भाताचे तांदूळ नि एक खण कमरेच्या पिशवीत टाकला होता. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, असू दे.

ओढ्यापर्यंत डोली, पुढं जीप, असं करत ऊन कलताना आम्ही माहेरघरापुढं पोचलो. हेमंत पायरीवर उभा होता, त्याला कोणीतरी बातमी दिली असणार. चांगुणा जीपमधून उतरली, पुढच्या पायऱ्यांपर्यंत चालली आणि थांबली. सवयीनं माझी नजर मागच्या दाराकडं गेली. साहेब म्हणाले, "जरा थांब हं, बाळ." आणि एकटेच आत गेले.

हेमंतनं स्टूल धरलं. साहेबांनी वर चढून आधी तो चंदनाचा हार काढला आणि माझ्या हातात दिला. मग दिवा बंद केला. मग फोटो. तो दोन्ही हातांवर आडवा धरून ते बाहेर आले, झोपलेलं मूल उचलून आणावं तसे, आणि दाराबाहेर त्यांच्यापुढं माझी आई उभी राहिली.

"थांबा."

मला वाटलं, आता ही पुन्हा काहीतरी बोलणार. पण तिनं कमरेची पिशवी सोडली. हळदीकुंकू काढलं आणि काचेवर, वृंदाच्या कपाळावर, बोट टेकवलं. खण ठेवला. नव्या तांदळाच्या ओंजळी त्या फोटोवर, पोटापाशी, सावकाश सोडल्या. जिला ती भीत होती, तिच्याच डोळ्यांत बघत होती.

"माहेरातनं लेक अशी रिकाम्या ओटीनं जात नसती," ती म्हणाली. "न्या आता घरी. आन बसवा तिला. लई दिस उभी हाय."

साहेब रडले. कारखान्याचे मालक, चार लोकांसमोर, ढसाढसा रडले. हेमंत रडला, मीही रडले, आणि त्याची मला काही लाज नाही. मग त्यांनी फोटोकडं बघितलं आणि म्हणाले, "चल वृंदा, न्यायला आलोय मी."

ते पायऱ्या उतरले. मग माझी भावजय उजवा पाय टाकून पुढच्या दारानं आत गेली आणि पहिल्या पलंगावर जाऊन बसली. हेमंतनं घाईघाईनं गादीचं प्लॅस्टिक काढलं. ती वर बसलेलीच होती, त्यामुळं ते निघता निघेना, आणि सगळ्यांना हसू आलं.

चांगुणा तीन आठवडे राहिली. शिऱ्याला, खिरीला नावं ठेवण्याइतकी रुळली. बाळंतपण मात्र कठीणच झालं. पोर बाहेर आली आणि पाठोपाठ रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई धावल्या, आम्ही धावलो, रक्ताची बाटली लागली. ती उंबरवाडीत असती तर काय झालं असतं, ते मला डॉक्टरीणबाईंनी सांगायची गरज नव्हती. दुपारी चांगुणानं डोळे उघडले, बाजूला पोर किंचाळत होती, आणि ती मला म्हणाली, "वन्सं, भूक लागली." एवढ्या वर्षांच्या नोकरीत याहून गोड शब्द मी ऐकले नाहीत.

विश्वस्तांच्या बैठकीत काय झालं, ते मला हेमंतनं सांगितलं. साहेबांनी मागणी मांडली की माहेरघर चालू ठेवायचं आणि दर बाईला न्यायला माणूस पाठवायचा, खण-नारळ घेऊन. सबनीसबाईंनी विचारलं, हा खर्च कुठल्या सदरात घालू? औषधात बसत नाही, पगारात बसत नाही. बरीच भवति न भवति झाली. शेवटी बाईंनीच तो प्रवासखर्चात बसवला. पुढल्या हिवाळ्यात त्या स्वतः एका पाड्यावर मुराळी म्हणून गेल्या. चढावर त्यांची अशी दमछाक झाली की तिथल्या सासूनं सुनेऐवजी त्यांनाच आधी खाटेवर निजवलं. पण त्या सुनेला घेऊनच परत आल्या. पुढं शेजारच्या दोन्ही तालुक्यांत प्रतिष्ठाननं तशीच घरं बांधली, आणि मुराळ्याची रीत पहिल्या दिवसापासून ठेवली. पाटीवरचं 'कै.' गेलं, 'स्मृती' गेलं. नुसतं 'वृंदाचं माहेरघर' राहिलं. भिंतीवर आता कोणाचाच फोटो नाही. साहेबांचा लावू का म्हणून आम्ही एकदा विचारलं होतं, तर त्यांनी असे काही डोळे वटारले की पुन्हा विषय काढला नाही.

साहेब गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बातमी कळली तेव्हा आई फार थकली होती, तिला काही पुण्याला येववलं नाही. तिनं माझ्याबरोबर नव्या भाताचे तांदूळ धाडले. चांगुणाची लेक तेव्हा कॉलेजात होती, ती माझ्यासोबत आली.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होते. मालतीबाईंनी दार उघडलं, आम्हाला दिवाणखान्यात नेलं. मी भिंतींवर वृंदाचा फोटो शोधत होते. दिसेना. मालतीबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी खिडकीकडं बोट दाखवलं.

खिडकीशी पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्यावर मऊ गादी, मागं लोड, आणि लोडाला टेकून वृंदा बसली होती. फोटोला हार नव्हता. जवळ आईनं दिलेला खण, घडी करून ठेवलेला.

"भिंतीवर लावूच दिला नाही यांनी," मालतीबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं सांगितलं होतं ना, तिला बसवा म्हणून. रोज संध्याकाळी शेजारी बसायचे, पायानं हळूहळू झोका द्यायचे."

मी आईचे तांदूळ त्या खणाशेजारी ठेवले. चांगुणाची लेक क्षणभर बघत राहिली, मग सरळ जाऊन वृंदाच्या शेजारी झोपाळ्यावर बसली आणि पायानं एक झोका घेतला. मालतीबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि मी त्यांच्या मागून कप धरायला गेले.